आठ पानं आणि एक रिकामी चौकट

मार्च 2022 मध्ये ठाणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. वर्तकनगरच्या बाजूच्या आमच्या वसाहतीत ही बातमी कुणी फारशी मनावर घेतली नाही. मनावर घेतली ती पुढच्या पावसात, गटाराचं पाणी तळमजल्याच्या पायरीला लागलं तेव्हा. त्याआधी असं काही झालं की कोपऱ्यावरच्या नगरसेवकाच्या ऑफिसात जायचं, तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या पोराला सांगायचं. तो मोबाइल कानाला लावायचा आणि तासा-दोन तासांत कुणीतरी लांब बांबू घेऊन हजर व्हायचं. आता ऑफिसचं शटर अर्धं खाली आणि साहेब म्हणाले, "काकू, मी आता माजी."

तेव्हा कळलं की इतकी वर्षं आम्ही महापालिकेचा म्हणून एकच नंबर पाठ केला होता आणि तो महापालिकेचा नव्हताच.

पुढची दीड-दोन वर्षं अशीच गेली. कुणी म्हणायचं अॅपवर तक्रार टाका, कुणी म्हणायचं पाचपाखाडीला मुख्यालयात जा, कुणी म्हणायचं प्रभाग समितीत. शेवटी 2024 च्या जानेवारीत सोसायट्यांच्या फेडरेशनची मीटिंग झाली. गणपतीच्या मांडवाचे बांबू ठेवतात त्या हॉलमध्ये. बँकेतून निवृत्त झालेले आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, आपणच एक पत्रक काढू. महापालिकेचं काय, कुठे, कसं, सगळं एका जागी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली, कारण जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानात मी बावीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दोन-तीन दिवाळी अंक. "तुम्हाला काय, तुमच्या बोटांत आहे ते," असं एक वहिनी म्हणाल्या. बोटांत टायपिंग असतं. मजकूर कुठून आणायचा, हे बोटांना विचारून कळत नाही. पण नाही म्हणायची माझी वेळ चहा येईपर्यंत निघून गेली होती.

नमुना म्हणून डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. माझी भाची लंडनला असते. एकदा येताना ती भेटवस्तू गुंडाळायला तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, मासिकाची पानं घेऊन आली होती. वस्तू काय होती ते विसरले, कागद ठेवून दिला. कुठल्या वारी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, वाचनालय किती वाजता उघडतं, रस्ता कधी बंद. भाचीला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, मावशी, इथे त्यावरून भांडणं झालीत. काही कौन्सिलं दर आठवड्याला पेपर काढायची, लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलचं ईस्ट एंड लाइफ तसं होतं. सरकारचं म्हणणं पडलं की लोकांच्या पैशातून निघणारी ही पत्रं खऱ्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या जाहिराती पळवतात आणि सत्तेवरच्यांचे पोवाडे गातात. म्हणून 2011 च्या नियमावलीत मोठ्या कौन्सिलांनी वर्षातून चारपेक्षा जास्त अंक काढू नयेत असं घातलं. तरी काहींचं चालूच राहिलं, ईस्ट एंड लाइफ 2016 मध्ये बंद झालं. मला यातलं एकच कामाचं वाटलं: चार अंक. तीन महिन्यांतून एकदा माझ्याच्याने होईल.

पण "तीन महिन्यांतून एकदा" म्हटलं की कायदा येतो, हे सेक्रेटरी काकांच्या वकील पुतण्याने सांगितलं. ठरावीक अंतराने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या छापणारं काहीही असलं तर त्याची नोंदणी लागते. आधी 1867 चा कायदा होता. आमचं चाललं होतं नेमकं तेव्हाच, 1 मार्च 2024 पासून, 2023 चा नवा कायदा लागू झाला आणि अर्ज ऑनलाइन झाले. नाव आधी कुणी घेतलेलं नको, जिल्हाधिकाऱ्यांचं म्हणणं यायला हवं, मालक कोण, प्रकाशक कोण. फेडरेशनमध्ये मालक कोण यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं की आता एक सुटी माहितीपुस्तिका काढायची, नियमित वगैरे पुढचं पुढे. ठाण्यात नगरपालिका आली 1863 मध्ये आणि अरुणोदय हे वृत्तपत्र निघालं 1866 मध्ये. तीनच वर्षांत लोकांनी छापखाना लावला. आम्हाला पुस्तिकेचं नाव ठरवायला तीन रविवार लागले. ठरलं काय, तर "माहितीपुस्तिका".

मजकुरासाठी खेपा सुरू झाल्या. ज्या कार्यालयात मी सगळ्यात जास्त खेपा घातल्या त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या एका बाईंनी मला इतकी मदत केली की उगाच त्यांच्यावर बालंट नको. पहिल्या दिवशी मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी वही वाचली आणि मला जिन्याखालच्या भिंतीकडे नेलं. तिथे एक मोठा फलक होता: सेवेचं नाव, लागणारी कागदपत्रं, मुदत, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील अधिकारी. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने असा फलक लावावाच लागतो. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर रांगेत उभं राहून मी जन्मदाखले काढले होते, आणि एकदाही तो वाचला नव्हता. वाचण्यासारखा दिसतच नव्हता तो. बारीक अक्षर, ओळींना ओळी चिकटलेल्या, मधे एक रकाना नुसता कायद्याच्या कलमांचा. माझ्यातली डीटीपीवाली हळहळली. सगळं खरं होतं, पूर्ण होतं, आणि कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

सेक्रेटरी काकांना माहिती अधिकाराचा भारी नाद. ते म्हणाले, दहा रुपयांचा अर्ज टाकू, तीस दिवसांत उत्तर येईल. मी म्हटलं, काका, अर्ज कशाला, भिंतीवर आहे. तरी त्यांनी मला त्या कायद्याचं कलम 4 वाचून दाखवलं, आणि बरं झालं. त्यात म्हटलंय की कार्यालयाने सतरा प्रकारची माहिती कुणी न मागता आपणहून प्रसिद्ध करायची. शिवाय खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात कुठल्या मार्गाने माहिती नीट पोचते हे लक्षात घेऊन ती पसरवायची. "स्थानिक भाषा" या शब्दाखाली मी पेन्सिलने रेघ मारली. आमच्याकडची स्थानिक भाषा मराठीच, पण "पदनिर्देशित अधिकारी" ही आमच्या बिल्डिंगमधल्या कुठल्या आजींची भाषा आहे?

त्या बाईंनी पेनड्राइव्हवर काही फाइली दिल्या. घरी येऊन उघडल्या तर सगळं "सुरेख" नावाच्या जुन्या फाँटमध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालतं त्या पद्धतीत, नेलं की जोडाक्षरांचं कडबोळं होणार हे बावीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. झालंच. "कार्यालय"चं "काय्रालय" झालं, रफार जिथे तिथे शेजारच्या घरी जाऊन बसले. दोन रात्री मी फक्त रफार परत आणले. मुलगा म्हणाला, आई, सरळ नव्याने टाइप कर ना. पण जुना मजकूर दुरुस्त करताना तो अक्षर-अक्षर वाचावा लागतो, आणि त्या दोन रात्रींतच माझ्या लक्षात आलं की त्यातल्या निम्म्या वाक्यांना कर्ता नाही.

हे जरा सांगायला हवं. "तक्रारीचे निराकरण करण्यात येईल." कोण करील? "संबंधितांनी नोंद घ्यावी." कोण संबंधित? "कमी दाबाने पाणीपुरवठा होण्याची शक्यता आहे, तरी नागरिकांनी काटकसरीने वापर करून सहकार्य करावे." हे तर ठाण्यातल्या पोरांनाही तोंडपाठ. मी ठरवलं होतं की प्रत्येक वाक्य साध्या मराठीत फिरवायचं: कोणी, कुठे, किती दिवसांत. फिरवायला गेले की वाक्य मधेच उघडं पडायचं. "झाडाची फांदी तोडायची असेल तर अमुक टेबलावर अर्ज द्या" असं लिहायला घेतलं की टेबल कुठलं ते मजकुरात नसायचंच. झाडांचा कायदा 1975 चा आहे, आपल्या आवारातलं झाड असलं तरी परवानगी लागते, वृक्ष प्राधिकरण ती देतं. इथवर सगळे सांगतात. अर्ज नक्की कोणाच्या हातात द्यायचा हे विचारायला मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा बाई हसल्या.

"अहो ताई, असं लिहिलंत तर लोक थेट माझ्याच टेबलाशी येतील."

"मग तुमच्याच टेबलाशी यायचं असतं ना?"

"हो. पण ते लिहायचं नसतं."

मग थोडा वेळ विचार करून त्याच म्हणाल्या, "लिहा. फक्त माझं नाव नको, टेबलाचं लिहा. माणसं बदलतात." हा सल्ला मी सगळ्या पुस्तिकेला लावला. एकाही माणसाचं नाव नाही; पद, मजला, खिडकी, वेळ.

माणसांची नावं नाहीत म्हटल्यावर फोटोही नाहीत, असं मी गृहीत धरलं होतं. तसं नव्हतं. एका माजी नगरसेवकांनी निरोप पाठवला की छपाईचा सगळा खर्च ते देतील. मुखपृष्ठावर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि आत एक छोटा शुभेच्छा संदेश, बस. फेडरेशनमधले निम्मे लोक विरघळले. पैसे लागणारच होते, आणि माणूस कामाचा होता, हे मीही नाकारत नाही. पण लोक मुखपृष्ठ बघूनच ठरवतात की आतलं वाचायचं की रद्दीत टाकायचं. आमच्या दुकानातून असली पत्रकं मी शेकड्याने लावून दिली आहेत, त्यांचं काय होतं ते मला माहीत आहे. हे मीटिंगमध्ये सांगायचं धाडस झालं नाही. मला आचारसंहितेने वाचवलं. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ठाण्याचं मतदान 20 मेला होतं. छापखानेवाले भाऊ म्हणाले, "ताई, फोटो, चिन्ह, शुभेच्छा, यातलं काहीही असलं तर मी मशीनला लावणार नाही. आणि नसलं तरी मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता तळाला टाका." निवडणुकीच्या पत्रकावर ते टाकावंच लागतं, आमचं पत्रक निवडणुकीचं नव्हतं, पण भाऊ ताकही फुंकून पिणारे. फोटोचा विषय तिथे संपला. पैसे मग एक डेअरी, दोन क्लासेस आणि एक पॅथॉलॉजी लॅब यांच्या छोट्या जाहिरातींतून उभे केले. क्लासवाल्यांना पहिलं पान हवं होतं, त्यांना शेवटून दुसरं दिलं.

आठ पानं ठरली ती कागदामुळे. 18 बाय 23 इंचांच्या कागदावर एका बाजूला चार पानं बसतात, उलट बाजूला चार; दोन घड्या, मधे दोन पिना. पान ए-फोरहून किंचित आखूड होतं, पण चालतं. सत्तर जीएसएमचा मॅपलिथो, एक रंग काळा. रंगीत हवं म्हणणाऱ्यांना मी सांगितलं की काळ्याची झेरॉक्स नीट निघते. नऊ पानांचा मजकूर झाला होता, म्हणजे बारा पानं किंवा कापाकापी. कापाकापी केली. अध्यक्षांचं मनोगत गेलं, वसाहतीचा इतिहास गेला, "स्वच्छता हीच सेवा" ही कविता गेली. कवी अजून बोलत नाहीत माझ्याशी.

आणि एक पान असं होतं की त्यावर खरंच भांडण झालं.

पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, राहायला अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-2अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. यादीत आमच्या भागातल्याही काही इमारती होत्या. मी पान लावून ठेवलं: चार प्रकारांचा अर्थ, आणि खाली आमच्या परिसरातल्या इमारतींची नावं. मसुदा फिरला आणि त्या रात्रीच माझ्या दारात पाच माणसं. एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. एकाची खोली विकायची बोलणी चालू होती. एकजण म्हणाले, पुनर्विकासाचं बिल्डरशी चाललंय, आताच नाव छापलंत तर तो भाव पाडेल. मी म्हटलं, यादी जाहीरच आहे, मी काही गुपित फोडत नाही. त्यावर ते गृहस्थ जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून गेलं नाही: "तिथे आहे ती कोणी बघत नाही. तुम्ही घराघरात देणार."

म्हणजे आमचं पत्रक पोचणार हेच त्यांना नको होतं. वाद मतावर गेला आणि मी हरले. नावं काढली, प्रकारांचा अर्थ आणि यादी कुठे बघायला मिळते, एवढं ठेवलं. माझ्या मते चूक झाली. पावसाळ्यात छताखाली कोण झोपतं याचा विचार लग्न आणि खोलीच्या भावाच्या आधी व्हायला हवा होता. पण त्या पाच माणसांना मी खोटंही म्हणू शकत नव्हते.

नावं काढली म्हणून मीच त्यातल्या एका इमारतीत गेले. दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. नोटीस त्यांनी दुमडून देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली ठेवली होती. त्यांना वाटलं मालमत्ता कराचं बिल आहे, मुलगा पुण्याहून आला की भरेल. मी वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "घर सोडलं तर परत मिळेल का गं?" रिकामं केलं म्हणून राहणाऱ्याचा हक्क जात नाही, पण खोलीचं मोजमाप करून क्षेत्रफळाचा दाखला आधी हातात घ्यायला हवा. हे मला त्याच बाईंनी सांगितलं होतं आणि पुस्तिकेत ते एका ओळीत, खाली, बारीक टाइपात होतं. घरी येऊन मी ती ओळ वर नेली, ठळक केली, चौदा पॉइंट. त्याच रात्री शेवटचं प्रूफ वाचताना दिसलं की तक्त्यात मी दोन्ही ठिकाणी "सी-2ब" टाइप केलंय. कॉपी करून पेस्ट केलं आणि अक्षर बदलायचं राहिलं. एका बाजूला "रिकामी करून" आणि दुसऱ्या बाजूला "रिकामी न करता", आणि दोघांचं नाव एकच. बावीस वर्षांत लग्नपत्रिकेत मुलाच्या जागी व्याह्यांचं नाव छापण्यापर्यंत माझी मजल गेली आहे, पण त्या अ आणि ब ने जसा घाम फोडला तसा कशानेच नाही.

मतदान उरकल्यावर, मे अखेरीला हजार प्रती हातात आल्या. शाईचा वास, पिना सरळ. वाटपाचं मी फार सांगत नाही, कारण तिथे नवं काही शिकले नाही. पेपरवाल्याने इन्सर्ट म्हणून टाकायचे पैसे सांगितले ते परवडले नाहीत, म्हणून वॉचमनकडे गठ्ठे दिले. काही इमारतींत ते घरोघर पोचले, एकीत गठ्ठा मीटरच्या खोलीत तसाच राहिला, आणि लोकमान्यनगरकडच्या चाळींत, जिथे पत्रपेट्याच नाहीत, तिथे बचतगटाच्या बायकांनी एका संध्याकाळीत सगळ्या प्रती दारात हातात देऊन संपवल्या.

आता माझी चूक. शेवटच्या पानावर जागा उरली होती आणि मला रिकामी जागा बघवत नाही, धंद्याचा रोग. छपाईला देण्याच्या आदल्या दिवशी कळलं की जूनमधल्या एका शुक्रवारी चोवीस तास पाणी बंद राहणार आहे. ठाण्याला पाणी चार ठिकाणांहून येतं: महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. त्यामुळे एका बाजूचं बंद असलं तर शेजारच्या गल्लीत चालू असतं, आणि "आमच्याकडे बंद आहे का?" हा वर्तकनगरातला बारमाही प्रश्न. मी मोठ्या आनंदाने चौकट आखली: पाणी बंद, शुक्रवार, सकाळी 9 ते शनिवार सकाळी 9. काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं. अख्ख्या पुस्तिकेतली सगळ्यात देखणी गोष्ट.

काम पुढे ढकललं गेलं. असं होतं, पाइप आला नाही, पाऊस पडला, काहीही. नवी सूचना मोबाइलवर फिरली, पण माझी चौकट फ्रिजवर चिकटवलेली होती. शुक्रवारी लोकांनी पिंपं, पातेली, कुकर, बाळाचा टब, सगळं भरून ठेवलं आणि नळाला दिवसभर धो धो पाणी. शनिवारी ते भरलेलं पाणी फुलझाडांना ओतलं. पुढच्या आठवड्यात खरंच बंद झालं तेव्हा कोणाकडे थेंब नव्हता. त्या दिवशी मी जिन्यावरून खाली उतरले नाही. संध्याकाळी तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या, हातात पुस्तिका. म्हणाल्या, "तुमच्या छापलेल्यावर विश्वास ठेवला हो." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोबाइलवर आलेली सूचना खोटी ठरली तर कोणी मनावर घेत नाही, दिवसातून तशा दहा येतात. छापलेलं खोटं ठरलं की माणूस घरी येऊन सांगतो. म्हणून दुसऱ्या पुस्तिकेच्या वेळी, गणपतीनंतर, मी सगळा मजकूर घेऊन बसले आणि प्रत्येक तुकड्यापुढे पेन्सिलने लिहिलं: हे किती दिवस टिकेल? जन्मदाखल्याची कागदपत्रं, टिकतील. वर्षभराचा मालमत्ता कर एकदम भरला तर मिळणारी सवलत, टक्के आणि तारीख दर वर्षी बदलू शकते; म्हणून "एकरकमी भरला तर सवलत असते, या वर्षीची खिडकीवर विचारा" एवढंच. तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचना परीक्षण, टिकेल. घंटागाडीची वेळ, इथे मी अडले. चालक बदलला की वेळ बदलते. शेवटी "सकाळी" असा एकच शब्द ठेवला.

शेवटचं पान तेवढं रिकामं सोडलं. वर "या आठवड्यात" असं मथळ्याला, खाली मोठी चौकट, आत पुसट रेघा. पाणी, वीज, रस्ता, इतर. छापखानेवाले भाऊ म्हणाले, "ताई, इथे मजकूर राहिलाय." मी म्हटलं, राहिला नाही. त्यांना पटेना, मशीनला लावण्याआधी त्यांनी पुन्हा फोन करून विचारलं. रिकाम्या जागेचे पण पैसे पडतात हे ते मला दोनदा म्हणाले. त्या पानाच्या सुट्या प्रती जास्तीच्या काढल्या आणि प्रत्येक इमारतीच्या वॉचमनकडे एक पॅड आणि सुतळीला बांधलेला पेन दिला, आणि सेक्रेटरींना सांगून ठेवलं: खात्रीचं कळलं की लिहा, बदललं की खोडा.

पहिले दोन आठवडे कोणी काही लिहिलं नाही. मी येता-जाता चौकटींकडे बघायचे आणि मला माझीच रिकामी जागा सलायची. मग एका इमारतीत कुणीतरी "इतर"मध्ये लिहिलं: काळं-पांढरं मांजर हरवलंय, डाव्या कानाला चीर. दुसऱ्या इमारतीत गॅसच्या पाइपवाल्याची वेळ. तिसरीत नुसतं "लिफ्ट" आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं.

नोव्हेंबरात एका गुरुवारी संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. आमच्या गेटपाशी वॉचमन स्टुलावर बसून सुतळीचा पेन ओढून ओढून लिहीत होता. वर्षभरापूर्वीच तो गावाहून आला आहे, मराठी आता बोलतो, लिहितो तेवढं बेताचं. मी मागे उभी राहिले. पाणी या ओळीपुढे त्याने लिहिलं होतं: "शूक्रवार बंद. शनीवार कमी येनार. पक्का नाय, 8 वाजता परत वीचारून लीहतो."

माझा हात पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. मग भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली, वर गेले आणि पिंप भरायला लावलं.